त्वचा ओळखा, मग साधन निवडा



आपल्या सरावली-बोईसर भागाची हवा दमट. घाम आला की चेहरा खसाखसा घासण्याची सवय अनेक मुलामुलींना असते. परंतु घासल्याने रंग उजळत नाही. त्वचेचा वरचा थर साधारण ४ आठवड्यांत आपोआप नवा होतो. मृत पेशी काढणारे साधन त्या कामी केवळ हातभार लावते.

तेलकट, मुरुमांच्या त्वचेला सौम्य सॅलिसिलिक आम्ल मानवते, कारण ते तेलात विरघळून रंध्रांत उतरते. कोरड्या त्वचेला लॅक्टिक आम्ल बरे. ते ओलावाही धरून ठेवते. नाजूक त्वचेला खरखरीत काहीच लावू नये. वज्री टाचांपुरतीच ठेवावी. मीठ, लिंबू चेहऱ्यास नकोच. मुरुम घासले तर सावळ्या त्वचेवर काळे डाग महिनोन्‌महिने राहतात.

नवे साधन प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस लावून पाहावे. आरंभी आठवड्यातून एकदाच वापरावे आणि उन्हात जाताना सनस्क्रीन लावावे. जळजळ झाल्यास ते थांबवून त्वचारोगतज्ज्ञांस दाखवावे. दुकानदाराच्या सल्ल्याने स्टिरॉइडचे मलम मात्र कदापि लावू नये.

आणि पालकहो, मुलींना रंगावरून टोचून बोलू नका. त्या बोलण्यापायीच पुष्कळदा चेहरे सोलवटतात.