दूरच्या दात्याचा विश्वास

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘सेवाभावी संस्था आणि डिजिटल निधिसंकलन’ हा विषय आज मजकडे सोपविण्यात आला आहे. नाव नवे व काहीसे बोजड असले, तरी त्यातील प्रश्न आपल्या घरचाच आहे. वसतिगृह चालविण्यासाठी, होतकरू मुलामुलींना शिष्यवृत्त्या देण्यासाठी आणि निराधारांना हात देण्यासाठी आपल्यासारख्या संस्थेने पैसा कसा उभा करावा, एवढाच तो प्रश्न आहे. आजवर पावतीपुस्तक घेऊन घरोघर हिंडणारे कार्यकर्ते, लग्नकार्याच्या निमित्ताने मिळणाऱ्या देणग्या, स्मरणिकेतील जाहिराती आणि वडीलधाऱ्यांच्या स्मरणार्थ ठेवलेले कायम निधी यांवर अशा संस्था चालत आल्या. परंतु ज्ञातीची कुटुंबे आता एका पेठेत वा एका गावात राहिलेली नाहीत. कोणी चिंचवडास, कोणी बंगळुरास, तर कोणी सातासमुद्रापलीकडे आहे. तेथवर आपले पावतीपुस्तक पोहोचत नाही. तेव्हा नव्या साधनांचा विचार करणे हे आता हौसेचे काम राहिले नसून निकडीचे झाले आहे.

साधन तर हाताशी आहेच. २०१६ साली युपीआय ही पद्धत आली आणि शंभर रुपयांची देणगी देणे भाजी घेण्याइतके सोपे झाले. मनिऑर्डर नको, धनादेश नको, बँकेत खेप नको. यावरून अनेकांचा असा समज होतो की, क्यूआर कोडाचा एक फलक छापला आणि व्हॉट्सॲपवर फिरविला की पैशाचा ओघ सुरू होईल. हा समज बरोबर नाही. देण्याचे साधन जितके सोपे होते, तितका देणाऱ्याच्या मनातील प्रश्न अवघड होत जातो. पूर्वी पावतीपुस्तक घेऊन येणारा गृहस्थ ओळखीचा असे आणि त्याचा चेहरा हीच संस्थेची जामीनकी असे. दूर बसलेल्या दात्यापुढे तो चेहरा नसतो. त्याला दोनच गोष्टी विचारावयाच्या असतात : माझा पैसा गेला कोठे, आणि तो कोणाच्या उपयोगी पडला? या दोन प्रश्नांची उत्तरे सिद्ध ठेवणे हाच निधिसंकलनाचा पहिला भाग होय.

महाराष्ट्राला हे तत्त्व नवे नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणसामागे एक पैसा अशा कल्पनेने पैसा फंड उभा केला, लोकमान्यांनी त्याला पाठबळ दिले आणि त्या फंडातून १९०८ साली तळेगाव येथे काचकारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि घरोघरच्या मूठ मूठ धान्याने तिच्या वसतिगृहांना आधार दिला. या दोन्ही उदाहरणांत देणगी लहान होती, पण देणारे पुष्कळ होते, आणि आपल्या पैशाचे वा धान्याचे काय झाले हे लोकांना डोळ्यांनी दिसत होते. कारखान्याची चिमणी दिसत होती, जेवणारी मुले दिसत होती. नव्या साधनांनी लहान देणग्या गोळा करणे पुन्हा शक्य केले आहे. मात्र फळ डोळ्यांना दिसण्याची सोय आपली आपण करावयाची आहे.

आता प्राधान्यक्रमाकडे वळतो. पहिले काम यादीचे व खात्याचे. आपल्यापाशी कुटुंबांच्या जुन्या नोंदी असतात, पण निम्मे पत्ते बदललेले आणि दूरध्वनीचे क्रमांक बंद पडलेले असतात. कोणी कधी, किती व कशासाठी दिले हे एका ठिकाणी नोंदलेले नसेल, तर आभाराचे पत्र धाडावयाचे कोणास? ही यादी आधी शुद्ध करावी. ती इतर कोणाच्या व्यापारासाठी हातची सोडू नये. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ साली झालेला आहे, आणि कायदा नसता तरी दात्याचा क्रमांक ही आपल्याकडे विश्वासाने ठेवलेली ठेवच आहे. देणगी ज्या खात्यात पडते ते खाते संस्थेच्याच नावाचे असावे. क्यूआर कोड उघडताच दात्यास चिटणिसांचे वा खजिनदारांचे व्यक्तिगत नाव दिसले, तर ते गृहस्थ कितीही सचोटीचे असोत, संशयाचे बीज तेथेच पडते.

दुसरे काम पावतीचे. भिंतीवरील क्यूआर कोडातून पैसा येतो, पण दात्याचा पत्ता व पॅन क्रमांक त्याबरोबर आपोआप येत नाही. आयकराच्या ८०-जी सवलतीस पात्र असलेल्या संस्थांनी प्रत्येक दात्याचा तपशील आयकर खात्याकडे कळवावा आणि त्यास विहित नमुन्यातील प्रमाणपत्र द्यावे, अशी पद्धत २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून सुरू झाली. वर्ष संपल्यावर ३१ मे ही त्यासाठी मुदत ठरविण्यात आली. रोखीने दिलेल्या २००० रुपयांवरील देणगीस ही सवलत मिळत नाही, हा नियम २०१७ चा आहे. ज्या देणगीदाराची ओळख नोंदलेली नाही अशा देणग्या मर्यादेपलीकडे गेल्या, तर धर्मादाय संस्थेस त्यांवर ३० टक्के कराचा भार पडू शकतो. म्हणून क्यूआर कोडाच्या शेजारीच नाव, पत्ता व पॅन भरावयाचा एक लहानसा अर्ज असलाच पाहिजे, आणि पैसे मिळाल्याची पावती आठवड्याच्या आत गेली पाहिजे.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २०२३-२४ पासून आयकराची नवी पद्धत ही मूळ पद्धत ठरली आणि तिच्यात देणगीची वजावट नाही. म्हणजे करसवलतीच्या आशेने देणाऱ्यांची संख्या कमी होत जाणार. उरेल तो कामावरील विश्वास.

तिसरे काम सर्वांत नाजूक आहे, म्हणून त्यावर मी थोडे स्पष्ट बोलतो. दात्याचा दुसरा प्रश्न आठवा : पैसा कोणाच्या उपयोगी पडला? १९६१ च्या आयकर कायद्याने असे ठरविले की, ज्या संस्थेचा वा निधीचा उद्देश एखाद्या विशिष्ट धर्मसमुदायाच्या किंवा जातीच्याच हितापुरता सांगितलेला आहे, तीस ८०-जी ची मान्यता मिळावयाची नाही. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया व बालके यांच्यासाठी असलेल्या संस्थांना त्यातून वगळले आहे. तो कायदा अमलात आल्यानंतर केवळ एका जातीच्या हितासाठी निघालेल्या धर्मादाय न्यासांचे उत्पन्नही करमुक्तीस मुकते. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ च्या आयकर कायद्याने जुन्या कायद्याची जागा घेतली. कलमांचे क्रमांक बदलले, तत्त्व बदलले नाही. आपल्या मंडळाची स्थिती यांत नेमकी कोठे बसते हे सनदी लेखापालाकडून लेखी घ्यावे.

पण हा प्रश्न केवळ कराचा आहे असे मला वाटत नाही. नव्या साधनाने आपले आवाहन ज्ञातीबाहेर जाते. वसतिगृहातून शिकून गेलेल्या मुलाचा कचेरीतील सहकारी, मुलीची मैत्रीण, शेजारी, जुने शिक्षक, अशा सर्वांच्या हातातील यंत्रावर ते उमटते. त्यांच्याकडे पैसा मागावयाचा आणि त्यांच्या गावच्या गरजू मुलास दार बंद ठेवावयाचे, हे न्यायाचे होणार नाही आणि फार काळ चालणारही नाही.

काही वडीलधारी मंडळी यावर म्हणतील की, पूर्वजांनी पोटाला चिमटा घेऊन ठेवलेला निधी ज्ञातीच्या लेकरांसाठी होता. तो इतरांवर खर्चण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याचा मान राखला पाहिजे. ज्या निधीस दात्याने अट घातली आहे ती अट पाळणे हे विश्वस्तांचे कर्तव्यच आहे. परंतु इतिहासाकडेही पाहावे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या वसतिगृहांना आश्रय दिला, कारण त्या काळी मुलांना शहरात राहावयास जागाच मिळत नव्हती. त्याच कोल्हापुरात विद्यार्थिदशा घालविलेल्या भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यास छत्रपती शाहूंच्या नावाने वसतिगृह काढले, ते मात्र सर्व जातींच्या मुलांचे. ज्या महाराजांनी जातवार वसतिगृहांना आश्रय दिला त्यांचेच नाव या सर्वांच्या वसतिगृहास मिळाले, यात काहीच विसंगती नाही. जातवार वसतिगृह ही पायरी होती, आणि पायरीचा मान तिच्यावरून वर चढण्यातच आहे.

म्हणून माझी सूचना अशी की, जुने अटींचे निधी जसेच्या तसे राखावेत आणि त्यांचा हिशेब वेगळा ठेवावा. नवे डिजिटल आवाहन मात्र जातीचा उल्लेख न करता सर्व गरजू विद्यार्थ्यांसाठी असावे. त्यासाठी मंडळाच्या घटनेतील उद्देश विस्तारावे लागले किंवा स्वतंत्र न्यास करावा लागला, तर धर्मादाय आयुक्तांकडील रीतसर मार्ग अवलंबावा. हे आधी आणि फलक नंतर, हा क्रम चुकवू नये.

चौथे काम नियमित लहान देणगीचे. वर्षातून एकदा ५००० रुपये मागण्यापेक्षा दरमहा २०० रुपये देणारे पाचशे दाते मिळविणे हे संस्थेच्या दृष्टीने अधिक स्थिर असते. त्यांतून वर्षास १२ लाख रुपये येतात, आणि वसतिगृहाच्या भोजनखर्चाचा अंदाज जूनमध्येच बांधता येतो. दात्याच्या संमतीने ठराविक रक्कम दरमहा परस्पर वळती करण्याची सोय युपीआयमध्ये २०२० साली आली. मात्र ती थांबविण्याचा मार्गही दात्यास तितक्याच ठळकपणे सांगावा. सुटका अवघड करून राखलेला दाता हा दाता नव्हे.

पाचवी गोष्ट परदेशस्थ बांधवांची. जो भारताचा नागरिक आहे व केवळ कामासाठी परदेशी राहतो, त्याने आपल्या बचतीतून बँकेच्या रीतसर मार्गाने दिलेली देणगी ही परकीय देणगी समजली जात नाही. ज्याने परदेशाचे नागरिकत्व घेतले, त्याची देणगी मात्र, तो आपला सख्खा पुतण्या का असेना, परकीय देणगीच होय. परकीय देणगीविषयीच्या २०१० च्या कायद्याखाली नोंदणी अथवा पूर्वपरवानगी असल्यावाचून ती स्वीकारता येत नाही. आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम प्रथम नवी दिल्ली येथील स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतील खात्यातच यावी लागते. तेव्हा आपला फलक परदेशी धाडण्यापूर्वी ‘हे आवाहन भारतीय नागरिकांसाठी आहे’ एवढे एक वाक्य त्यावर छापावे.

जाहिरात, चित्रफिती, समाजमाध्यमांवरील गाजावाजा यांना मी मुद्दामच शेवटचे स्थान देतो. त्यांचा उपयोग आहे. परंतु घर सारवण्यापूर्वी पाहुण्यांना आमंत्रण देऊ नये. चित्रफितीत गरीब मुलाचा चेहरा दाखवून डोळ्यांत पाणी आणण्याचा मोहही टाळावा. आपण त्याला शिक्षण देतो ते त्याने मान वर करून चालावे म्हणून. त्याची दैन्यावस्था साऱ्या जगाला दाखवून ते साधणार नाही. त्याऐवजी किती मुले राहिली, किती उत्तीर्ण झाली, धान्यावर किती आणि विजेवर किती खर्च झाला, हा एका पानाचा जमाखर्च दर तिमाहीस प्रत्येक दात्याच्या हाती पोहोचवावा. पैसा फंडाच्या काळी जे काम कारखान्याच्या चिमणीने केले, ते आज या एका पानाने करावयाचे आहे.

विश्वस्त मंडळींस माझी नम्र विनंती आहे की, या वर्षी क्यूआर कोडाचा फलक छापण्याचा ठराव करण्यापूर्वी तीन ठराव करावेत : दात्यांची यादी सहा महिन्यांत शुद्ध करण्याचा, तिमाही जमाखर्च प्रसिद्ध करण्याचा, आणि वसतिगृहाचे दार सर्व गरजू विद्यार्थ्यांस उघडण्याविषयी सभासदांचे मत घेण्याचा. तिसऱ्या ठरावावर मतभेद होतील. ते सभेत उघडपणे व्हावेत आणि त्यांचा निर्णयही सभेनेच करावा.