चूळ पेल्यात टाका

उपनगरांतले दंतवैद्य सहकारी आणि ज्यांच्या दातांवर आपलं पोट चालतं ते ज्येष्ठ श्रोते,

मुलुंडच्या किंवा बोरिवलीच्या बागेत भल्या सकाळी जो कट्टा जमतो, तिथे प्रत्येकाला आपली उपाशीपोटीची साखर तोंडपाठ असते. रक्तदाबाचे दोन्ही आकडे असतात. हिरड्यांचं विचारलं की मात्र उत्तर एकच : वय झालं आता, दात हलणारच.

वय बिचारं नाहक बदनाम होतं. दाताच्या मुळाशी साचलेल्या जिवाणूंच्या थराशी शरीर वर्षानुवर्षं झुंजतं आणि त्या झुंजीत दाताला धरणारं हाडच झिजतं. बहुधा दुखत नाही, म्हणून कळत नाही. मिश्री लावणाऱ्या आजींना तर कधी कधी रक्ताचीही खूण मिळत नाही, कारण तंबाखूने हिरड्यांतल्या रक्तवाहिन्या आकसू शकतात. हिरडी घट्ट झाल्याचं समाधान तेवढं मिळतं. भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३ च्या पाहणीत ३५ ते ४४ वयोगटातल्या सुमारे ९० टक्के लोकांना हिरड्यांचा विकार आढळला, ६५ ते ७४ वयोगटात सुमारे ८० टक्के. म्हातारपणी आजार ओसरला म्हणावं का? दातच गेलेल्या तोंडात हिरड्यांचं मोजमाप घेणार कशाभोवती!

या पडझडीची खबर लाळेत उतरते. एमएमपी-८ नावाचं विकर हिरड्यांतलं कोलॅजेन तोडतं. दाह वाढला की त्याचं सक्रिय रूप लाळेत वाढतं. फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या टिमो सोर्सा यांनी या विकरावर दीर्घकाळ संशोधन केलं आणि त्यातून पट्टीची चाचणी निघाली. आधी साध्या पाण्याची चूळ टाकून द्यायची, मिनिटभर थांबायचं, मग थोडं शुद्ध पाणी अर्धा मिनिट तोंडात खळखळवून पेल्यात सोडायचं. त्याचे थेंब पट्टीवर. विकर मिलीलिटरला २० नॅनोग्रॅमच्या वर असेल तर पाच-दहा मिनिटांत दुसरी रेघ उमटते, कोविडच्या घरगुती चाचणीत उमटायची तशी.

कोविडवरून आठवलं. नागपूरच्या नीरी संस्थेत डॉ. कृष्णा खैरनार आणि सहकाऱ्यांनी मिठाच्या पाण्याच्या गुळणीतून विषाणू शोधण्याची पद्धत बसवली आणि मे २०२१ मध्ये आयसीएमआरने तिला मान्यता दिली. नाकात काडी घालायला शिकलेला माणूस लागेना. रुग्णच आपला नमुना देऊ लागला. हीच सोय हिरड्यांसाठी का नको?

पट्टीवर भाळूनही चालणार नाही. ती आज चाललेला दाह सांगते. गेल्या २० वर्षांत हाड किती गेलं, ते दातागणिक प्रोब लावून आणि एक्स-रे काढूनच कळतं. रक्तदाबाच्या, नैराश्याच्या गोळ्यांनी अनेक ज्येष्ठांच्या तोंडाला कोरड पडलेली असते. त्यात तीन-चारच दात उरले असतील तर खोल आजाराचीही खूण लाळेत पुसट होऊ शकते. दुसरी रेघ उमटली नाही म्हणून आजोबांना निर्धास्त घरी पाठवणं चूकच.

मग तिचा उपयोग कुठे? जिन्याच्या खाली. उपनगरांतले कितीतरी दवाखाने पहिल्या मजल्यावर, लिफ्टशिवाय. पालिकेचं नायर दंत महाविद्यालय मुंबई सेंट्रलला, सरकारी फोर्टला. घाटकोपरहून निघालेल्या दुखऱ्या गुडघ्यांना आधी रेल्वेचा पूल चढायचा. एवढं करून कोणी यावं, तर त्याला तसं कारण हातात द्यायला हवं. पट्टी ते देते. मधुमेहींना तर नक्कीच : २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार हिरड्यांवर उपचार झाल्यावर तीन-चार महिन्यांत त्यांचं एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या साखरेचं मोजमाप, सरासरी ०.४ टक्के अंकांनी उतरतं.

तेव्हा आपल्यातल्या प्रत्येक दंतवैद्याने महिन्यातला एक रविवार जवळच्या कट्ट्याला द्यावा. साखर तपासणीच्या टेबलाशेजारी पेले आणि पट्ट्या मांडाव्यात. पट्ट्या महाग पडल्या तर मधुमेहींपासून सुरुवात करावी. आणि ज्यांची दुसरी रेघ उमटेल, त्यांना वेळ तळमजल्यावर दवाखाना असलेल्या सहकाऱ्याचीच द्यावी.