कपाटातील ग्रंथ आणि संगणकातील फाइली
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



‘लायब्ररी’ हा शब्द संगणकाच्या जगातही रूढ आहे. इतरांनी लिहून व तपासून ठेवलेल्या आज्ञांचा जो संच हवा तेव्हा मागवून वापरता येतो, त्यास तेथे लायब्ररी म्हणतात. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या पायथन या संगणकभाषेत अशा पुष्कळ लायब्रऱ्या आहेत. त्यांपैकी ‘शटिल’ आणि २०१४ साली तीत समाविष्ट झालेली ‘पाथलिब’ या दोन फाइली व फोल्डर यांची व्यवस्था पाहतात. ग्रंथसंग्रह सांभाळणाऱ्यांनी त्यांची ओळख का करून घ्यावी, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

जीर्ण ग्रंथांचे पान न् पान स्कॅन करून जतन करण्याचे काम अनेक जुन्या ग्रंथालयांनी हाती घेतले आहे. तीनशे पानांच्या एका ग्रंथाच्या तीनशे फाइली होतात. असे हजार ग्रंथ म्हणजे तीन लक्ष फाइली. यंत्राने दिलेल्या त्यांच्या नावांवरून ग्रंथाचा बोध होत नाही. शिवाय नावे अक्षरक्रमाने लावली की ‘१०’ हे पान ‘२’ च्या आधी येऊन बसते. ‘०००२’, ‘००१०’ असे चार अंकी क्रमांक दिले की हा घोटाळा मिटतो. हाताने करू गेल्यास ज्यास महिने लागतील, ते काम पायथनच्या दहा-बारा ओळी अल्पावधीत उरकतात. वाचकाचा वेळ वाचविणे हे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी एक. त्याचेच हे नवे रूप होय.

परंतु हा सेवक जितका चपळ, तितकाच मुका आहे. ‘शटिल’मधील ‘आरएमट्री’ ही आज्ञा दिलेला फोल्डर त्यातील सर्व उपफोल्डरांसह पुसून टाकते. ती काही विचारीत नाही आणि पुसलेले कचरापेटीतही ठेवीत नाही. ‘पाथलिब’मधील ‘रिनेम’ ही नाव बदलण्याची आज्ञा घ्या. त्याच नावाची दुसरी फाइल आधीच असेल, तर विंडोजवर ही आज्ञा अडते. लिनक्सवर मात्र जुनी फाइल निमूटपणे नाहीशी होते. ज्या ग्रंथाचा कागद बोट लावताच तुटतो, तो पुन्हा स्कॅनरखाली ठेवता येत नाही. अशा वेळी एका चुकीच्या ओळीने जाते ते त्या ग्रंथाचे अखेरचे रूप असते.

यावरील उपाय आपल्या जुन्या शिस्तीतच आहे. दाखल नोंदवहीत प्रत्येक ग्रंथास क्रमांक मिळतो आणि निर्लेखनाच्या ठरावावाचून एकही ग्रंथ बाद होत नाही. तीच रीत येथे लावावी. प्रत्येक ग्रंथाच्या फोल्डरास दाखल क्रमांकाचेच नाव द्यावे. नावे बदलण्यापूर्वी जुने नाव व नवे नाव यांची यादी पायथनकडूनच छापून घ्यावी, ती ग्रंथपालांनी डोळ्यांखालून घालावी, आणि मगच काम चालवावे. ती यादी पुढे नोंदवही म्हणून जपावी. मूळ फाइलींस हात न लावता ‘कॉपीट्री’ या आज्ञेने संपूर्ण फोल्डराची प्रत दुसऱ्या डिस्कवर करावी. फाइलींच्या तारखाही ती शक्यतो जशाच्या तशा ठेवते. प्रत बिनचूक उतरली की नाही, हे ‘हॅशलिब’ या तिसऱ्या लायब्ररीच्या साहाय्याने पडताळावे. ती प्रत्येक फाइलीच्या मजकुरावरून एक खूण काढते. मूळ आणि प्रत यांच्या खुणा जुळल्या तर प्रत विश्वासार्ह. न जुळल्यास प्रत पुन्हा करावी.

उरते ती पुसण्याची आज्ञा. ती आपोआप चालणाऱ्या कामात कधीही घालू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. डिस्कवरील जागा अपुरी पडली, तर नवी डिस्क विकत आणता येते. गेलेले पान कोणत्याही बाजारात मिळत नाही. कोणता ग्रंथ राखावा आणि कोणता काढावा, हा निर्णय शंभर वर्षे या वास्तूत माणसांनी एकत्र बसून घेतला. फाइलींच्या बाबतीतही तो कार्यकारी मंडळाच्या सभेतच व्हावा आणि इतिवृत्तात नोंदला जावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.