पळीभर तीर्थ आणि दोन चमचे मध

उज्जैनच्या महाकालाच्या पिंडीची झीज थांबावी म्हणून 2017 साली सर्वोच्च न्यायालयापुढे अभिषेकाचं माप ठरलं होतं. एका भाविकामागे सव्वा लिटर दूध किंवा पंचामृत, त्याहून जास्त नाही. देवाच्या अंगावर काय आणि किती पडावं याचा एवढा विचार झाला. आज मी आपल्या पोटात जाणाऱ्या मधाबद्दल तसंच बोलणार आहे.

माझ्या आतेबहिणीला पूजेचं पंचामृत घेतलं की तासा-दोन तासांत पोट फुगायचं, मुरडा यायचा, जुलाब व्हायचे. तिनं वाटी नाकारली की घरातली मोठी माणसं नाराज होत. उज्जैनच्या मराठी घरात तीर्थाला नको म्हणणं सोपं नाही. भाव कमी पडतो असं तिला ऐकावं लागलं, त्याचं मला आजही वाईट वाटतं. दोष तिच्या भावात नव्हता.

मधात साधारण 38 टक्के फ्रुक्टोज असतं आणि 31 टक्के ग्लुकोज. फ्रुक्टोज शोषून घेण्याची आतड्याची ताकद माणसागणिक वेगळी असते. ग्लुकोज सोबत असेल तर ते शोषलं जायला मदत होते, पण मधात फ्रुक्टोजचं पारडं जड. उरलेलं मोठ्या आतड्यात उतरतं, तिथले जिवाणू ते आंबवतात, वायू धरतो आणि पाणी ओढलं जातं. साखरेत दोन्ही निम्मी-निम्मी असतात, म्हणून फ्रुक्टोज नीट न शोषलं जाणाऱ्या बऱ्याच जणांना बेताची साखर चालते आणि मध, सफरचंद, कलिंगड बाधतं.

इथं मात्रा सगळ्यात महत्त्वाची. पळीभर तीर्थात मध असतो तरी किती? पण बहीण वजन उतरावं म्हणून रोज सकाळी कोमट पाण्यात दोन मोठे चमचे मध घ्यायची. दोन मोठे चमचे म्हणजे 40 ग्रॅमच्या आसपास, त्यात 15 ग्रॅम फ्रुक्टोज. पूजेच्या दिवशी त्यावर वाटीभर पंचामृत! शिवाय पंचामृतात दूधही असतं. दुधातली साखर न पचणारी माणसं आपल्याकडे खूप आहेत, आणि त्यांची लक्षणं हुबेहूब हीच. म्हणून आधी दोन आठवडे मध बंद करून बघा, मग दूध आणि मध वेगवेगळ्या दिवशी थोडं थोडं घ्या. काय खाल्लं आणि किती वेळानं काय झालं, ते वहीत लिहा. श्वासातला हायड्रोजन मोजणारी तपासणीही असते, ती डॉक्टर सुचवतील.

मात्र तोंडाला खाज, अंगावर गांधी, ओठ किंवा जीभ सुजणं, घशात आवळल्यासारखं होणं, धाप, असं काही मध खाल्ल्यावर लगेच झालं असेल तर हा प्रयोग घरी मुळीच करू नका. ती ॲलर्जी आहे. मधातले परागकण किंवा मधमाशीच्या ग्रंथींतली प्रथिनं तिच्यामागे असू शकतात आणि तिथं थेंबही धोक्याचा. धाप लागली तर वाट न बघता दवाखाना गाठा. अशांनी च्यवनप्राशाच्या बरणीवरची आणि खोकल्याच्या औषधावरची घटकांची यादी वाचावी. मधातून चूर्ण देणाऱ्या वैद्यांना आधीच सांगावं, ते दुसरं अनुपान देतील.

आणि आज्यांनो, तुमच्यापुढे हात जोडून एक मागणं आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोट चाटवू नका, बारशालासुद्धा नाही. मधात बोट्युलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते वाढत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात वाढतात आणि विष तयार करतात. आधी बद्धकोष्ठ, मग रडणं क्षीण, दूध ओढणं मंद, मान लुळी. मध उकळून हे बीजाणू मरत नाहीत.

पंचामृत कालवताना आमच्याकडे आता मध सगळ्यात शेवटी पडतो. त्याआधी बहिणीची छोटी वाटी बाजूला निघते. कुणाला ॲलर्जी असेल, तर त्या वाटीचा चमचाही वेगळाच ठेवा.