रक्तातील दोष आणि डॉक्टरची उमेदवारी



आनुवंशिक रोगांच्या डॉक्टरांविषयी युनियनच्या माणसाने काय बोलावे, असे कोणी म्हणेल. पण आपल्या भागातील वीटभट्ट्यांवरून मी पुष्कळ हिंडलो आहे. अंग ठणकते म्हणून आदिवासी मजूर दोन दिवस बसला की मुकादम त्याला कामचोर ठरवून खाडा मांडतो. अशांपैकी काहींचे दुखणे सिकलसेलचे असते. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि जीवघेण्या कळा येतात. हिमोग्लोबिनमधील एकच घटक बदलल्याने हे घडते, असे इन्ग्रॅम या शास्त्रज्ञाने १९५७ साली दाखविले.

आईबाप दोघेही वाहक, म्हणजे स्वतः धडधाकट पण दोष बाळगणारे असले, तर मूल रोगी निघण्याचा संभव चारांत एक. तीन मुले चांगली झाली म्हणून चौथे आजारी होणार, असा हा हिशेब नव्हे. दर खेपेस फासा नव्याने पडतो. दोष दोघांकडून आला, एकट्या सुनेकडून नव्हे, हे सासूच्या देखत समजावून सांगणे हे या डॉक्टरचे खरे काम. त्यासाठी दोन्ही घरांची वंशावळ काढावी लागते, वारलेल्या मुलांची चौकशी करावी लागते. पाच मिनिटांत हे होत नाही.

हा डॉक्टर घडतो कसा? एम.बी.बी.एस.ची साडेपाच वर्षे, मग बालरोग किंवा वैद्यक अशा विषयात तीन, आणि आनुवंशिकीच्या डी.एम.ची आणखी तीन. लखनौच्या संजय गांधी संस्थेत हे शिक्षण मिळते. शेवटची सहा वर्षे तो निवासी डॉक्टर असतो: फी भरणारा विद्यार्थी आणि रात्रपाळी करणारा नोकरही. आमच्या भाषेत उमेदवार! केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी योजनेत सलग काम सामान्यतः बारा तासांपेक्षा जास्त नसावे असे आहे. छत्तीस तासांच्या पाळीची तक्रार मात्र आजही ऐकू येते. पेंगुळलेला माणूस वंशावळ काय काढणार? तो कागद पुढे सरकवील, आणि सून माहेरी धाडली जाईल.

२०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत सात कोटी लोकांची तपासणी ठरली. तपासणीचा कागद हाती आला, तरी तो उलगडून सांगणारा हवा. म्हणून अशा उमेदवारांनी काही महिने जव्हारच्या कुटीर रुग्णालयात शिकावे, असे मी सुचवितो. त्यांना पूर्ण विद्यावेतन द्यावे, राहायला खोली द्यावी आणि वारली बोली जाणणारी आरोग्यसेविका सोबत द्यावी. जव्हारला रेल्वे नाही. तेव्हा तपासणीचा वार एस.टी.च्या वेळा पाहूनच ठरवावा लागेल.