निकालाची प्रत कैद्याच्या हातात



नागपुरात वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहातून मार्च २०२३ मध्ये एक माणूस सुटला. १९९४ साली पुण्यात पाच स्त्रिया आणि दोन मुलांचा खून झाला, त्या खटल्यातला तो दोषी. १९९८ मध्ये सत्र न्यायालयाने त्याला फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने आणि २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. राजस्थानातल्या त्याच्या शाळेचे दप्तर मात्र या तिन्ही पायऱ्यांवर कोणी उघडून पाहिले नव्हते. नंतर ते समोर आले, तेव्हा सिद्ध झाले की गुन्ह्याच्या दिवशी त्याचे वय होते साडेबारा वर्षे. कायद्याने जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा. तो अठ्ठावीस वर्षे आत होता.

अंतिम निकालानंतरही वयाचा दावा करता येतो, असे बालन्याय कायद्यात कलम आहे. ते नसते तर ते दप्तर शाळेच्या कपाटातच राहिले असते.

नाशिकच्या एका कुटुंबावर २००३ मध्ये झालेल्या हल्ल्याच्या खटल्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने फाशी सुनावली आणि त्याच न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडले. हल्ल्यातून वाचलेल्या बाईंनी पोलिसांकडच्या छायाचित्रांतून आधी दुसऱ्याच चौघांना ओळखले होते! सरकारने प्रत्येकी पाच लाख रुपये द्यावेत, असा आदेश झाला. खरे गुन्हेगार मोकळे राहिले, म्हणजे त्या घरालाही न्याय मिळाला नाही.

नागपूरकरांना या विषयाची दुसरी बाजू ठाऊक आहे. १३ ऑगस्ट २००४ रोजी कस्तुरबानगरच्या जमावाने, त्यात बायकाच पुढे होत्या, गुंड अक्कू यादवला जिल्हा न्यायालयातच ठार केले. वर्षानुवर्षे तक्रारी करूनही दाद न मिळालेल्या त्या बायकांचा संताप खरा होता. म्हणूनच पीडितांचे दुःख फौजदारी न्यायाच्या या परिषदेत कोणी हलके लेखू नये.

पण दोषीच्या हक्कांची सुरुवात फार साध्या गोष्टीपासून होते. येरवड्यातला कैदी होस्कोट अपिलाला चार वर्षे उशिरा पोहोचला. निकालाची प्रत मिळालीच नाही, असे त्याचे म्हणणे होते, आणि दिल्याची त्याच्या सहीची पोच तुरुंगाकडे नव्हती. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याची याचिका फेटाळली, पण प्रत मोफत द्यावी, तिची लेखी पोच घ्यावी आणि गरीब कैद्याला अपिलासाठी वकील द्यावा, असे बजावले.

ती प्रत कैद्याला वाचता येईल अशा भाषेत असते का, त्याच्या वकिलाने त्याला तुरुंगात भेटून त्याचे म्हणणे ऐकले का, हे परिषदेने याच दोन दिवसांत विदर्भातल्या तुरुंगांपुरते तरी विचारावे, अशी स्वागत समितीची विनंती आहे.