कर्करोग : कुळाचा की राहणीचा?

(संघाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराच्या मंगल प्रसंगी कर्करोगासारखा विषय काढणे कित्येकांस अप्रशस्त वाटेल, हे आम्ही जाणतो. या रोगाचे नावही उच्चारू नये, असा आपल्या घरांतून जणू दंडकच आहे. ‘त्यांची प्रकृती जरा बरी नसते’ एवढ्यावर बोलणे आटोपते. त्यात घरी उपवर मुलगी असली, तर आजाराची कुणकुण शेजाऱ्यासही लागू दिली जात नाही. ‘त्यांच्या कुळात तो रोग आहे’ असे म्हणून आलेले स्थळ परत फिरेल, ही धास्ती असते. या धास्तीपायी तपासणी लांबते, उपचार लांबतात, आणि वेळेवर बरे होऊ शकले असते असे माणूस हातचे जाते. यास्तव रोगाचा कुळाशी संबंध कितपत आहे, याचा विचार याच व्यासपीठावरून होणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आम्ही वैद्यकशास्त्राचे जाणकार नव्हे. तथापि शास्त्रज्ञांनी सिद्ध केलेल्या गोष्टी सोप्या भाषेत मांडणे हे शिक्षकाचे कामच आहे. जन्मतःच सदोष असलेल्या जनुकांमुळे होणारे कर्करोग शंभरांत सुमारे पाच ते दहाच असतात, असे शास्त्र सांगते. मग बाकीचे कशाने होतात? याचे उत्तर शोधण्यास आम्ही विलायतेचे, म्हणजे ब्रिटनचे, उदाहरण घेतो. इंग्लंडात १८३७ सालापासून मृत्यूंची सरकारी नोंद होत आली आहे, आणि या रोगाच्या कारणांचा पाठपुरावा तेथे फार चिकाटीने झालेला आहे.

पहिला धागा १७७५ साली हाती लागला. लंडन शहरात घरोघरी कोळशाच्या शेगड्या असत व त्यांची धुराडी आतून झाडण्यास गरिबांची लहान पोरे उतरवीत. पुढे वयात आल्यावर या लोकांना गुह्यांगाच्या त्वचेचा कर्करोग होतो, हे पर्सिव्हल पॉट नावाच्या शस्त्रवैद्याने हेरले आणि त्वचेत साठणारी काजळी हेच त्याचे कारण असल्याचे सांगितले. म्हणजे रोग पोटाच्या धंद्यातून आला होता. त्या पोरांच्या कुळाचा त्यात काय दोष?

त्यानंतरची कथा तंबाखूची. सिगारेट ओढण्याची चाल दोन्ही महायुद्धांत फार फोफावली, कारण शिपायांना शिध्याबरोबर सिगारेटीही मिळत. १९४८ साली ब्रिटनमधील शंभर पुरुषांपैकी ब्याऐंशी पुरुष कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू ओढीत होते. त्याच सुमारास फुप्फुसाच्या कर्करोगाने मरणारांची संख्या झपाट्याने वाढू लागली. कोणी मोटारींच्या धुराकडे बोट दाखवी, तर कोणी रस्त्यांच्या डांबराकडे. रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल या दोघा संशोधकांनी लंडनच्या रुग्णालयांतील रोग्यांना त्यांच्या सवयी विचारल्या. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ६४९ पुरुष रोग्यांमध्ये कधीही धूम्रपान न केलेले अवघे दोन निघाले. तेवढ्याच अन्य रोग्यांत असे सत्तावीस होते. हा निबंध १९५० साली प्रसिद्ध झाला. डॉल स्वतः सिगारेट ओढीत असत. हाती आलेले आकडे पाहून त्यांनी ती सोडली.

एवढ्यावर न थांबता १९५१ साली त्यांनी देशभरच्या डॉक्टरांना पत्रे धाडली. चाळीस हजारांवर उत्तरे आली. त्यांपैकी ३४,४३९ पुरुष डॉक्टरांच्या सवयी व मृत्यू यांची नोंद पुढे पन्नास वर्षे ठेवण्यात आली. जन्मभर सिगारेट ओढणारांचे आयुष्य सरासरी दहा वर्षांनी घटते, हा निष्कर्ष २००४ साली जाहीर झाला. त्याच अभ्यासात एक दिलासाही होता. साठाव्या वर्षी व्यसन सोडले तरी आयुष्याची सुमारे तीन वर्षे पदरात पडतात, पन्नासाव्या वर्षी सोडल्यास सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ आणि तिसाव्या वर्षी सोडल्यास जवळजवळ दहाच्या दहा. ‘आता या वयात सोडून काय उपयोग?’ असे म्हणणाऱ्या आमच्या समवयस्कांनी हे आकडे घरी लिहून ठेवावेत.

ज्ञान झाले तरी समाज लगेच बदलत नाही. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या वैद्यकसंस्थेने १९६२ साली धूम्रपानाविरुद्ध अहवाल काढला. १९६५ साली दूरचित्रवाणीवरील सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या, आणि २००७ साली इंग्लंडातील उपाहारगृहे, कचेऱ्या इत्यादी बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपानास मनाई झाली. डॉक्टरांनी व सुशिक्षितांनी सवय आधी सोडली, कष्टकरी वर्गात ती मागे राहिली. त्यामुळे आजही तेथील गरीब वस्त्यांत फुप्फुसाचा कर्करोग सधन वस्त्यांपेक्षा पुष्कळ अधिक आढळतो. स्त्रिया सिगारेटीकडे उशिरा वळल्या, म्हणून पुरुषांतील हा रोग ओसरू लागल्यावरही कित्येक वर्षे स्त्रियांत तो वाढतच राहिला. सांप्रत तेथे आठांत एकाहूनही कमी प्रौढ माणसे सिगारेट ओढतात.

बंधुभगिनी हो, यातील मर्म ध्यानी घ्यावे. एका शतकात हा रोग चढला आणि उतरला. एवढ्या अवधीत लोकांचे रक्त बदलत नाही. घराणी तीच होती, बदलली ती राहणी.

भगिनींच्या दृष्टीने आणखी दोन गोष्टी सांगतो. जॅनेट लेन-क्लेपन या विदुषीने १९२६ साली स्तनाच्या कर्करोगाच्या पाचशे स्त्रिया व तो नसलेल्या पाचशे स्त्रिया यांची तुलना करून दाखविले की, अपत्यांची संख्या, पहिल्या बाळंतपणाचे वय व अंगावर पाजणे यांचा या रोगाशी संबंध आहे. पुढील संशोधनाने तिचे म्हणणे खरे ठरविले. विलायतेत लग्ने उशिरा होऊ लागली, अपत्ये कमी झाली, मद्य व लठ्ठपणा वाढला, आणि या रोगाचे प्रमाणही वाढले. याचा अर्थ मुलींचे शिक्षण थांबवून लवकर लग्ने लावावीत असा कोणी काढू नये. मातेला बाळास अंगावर पाजण्याची सवड व स्वस्थता द्यावी, आणि गाठ लागताच लाज न धरता डॉक्टरांकडे जावे, एवढाच बोध घ्यावा. दुसरी गोष्ट गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाची. तो बहुतांशी एका विषाणूमुळे होतो. ब्रिटनने २००८ सालापासून बारा-तेरा वर्षांच्या शाळकरी मुलींना त्यावरची लस दिली. त्या वयात लस मिळालेल्या मुलींमध्ये हा कर्करोग ८७ टक्क्यांनी घटला, असे २०२१ साली प्रसिद्ध झाले. अशी लस आपल्या पुण्याच्या सीरम संस्थेनेही तयार केली आहे.

ब्रिटनमधील शंभर कर्करोगांपैकी सुमारे चाळीस टाळता येण्याजोगे आहेत, असा तेथील हिशेब आहे. त्यांत तंबाखू अग्रभागी असून लठ्ठपणा दुसरा आहे. मद्य, तीव्र ऊन व निकृष्ट आहार यांचाही त्यांत वाटा आहे. परंतु उरलेले साठ आहेतच. निर्व्यसनी, मिताहारी माणसासही हा रोग होतो. म्हणून एखाद्या रोग्याकडे पाहून ‘याने काय केले असेल?’ असे पुटपुटणे हे कुळाला नावे ठेवण्याइतकेच निर्दयपणाचे आहे.

आपल्याकडील तंबाखू तोंडावाटे अधिक जाते, एवढाच फरक. पानसुपारीची सवय आपल्या उपखंडातील लोकांनी इंग्लंडातही सोबत नेली, आणि तेथील दक्षिण आशियाई स्त्रियांत तोंडाचा कर्करोग इतर स्त्रियांहून अधिक आढळला. देश बदलला, सवय बदलली नाही, म्हणून रोगही पाठोपाठ गेला.

यास्तव संघापुढे आमची तीन मागणी आहेत. पहिले, आपल्या लग्नकार्यांत व सभांत तंबाखू, विडी-सिगारेट व गुटखा यांचा पाहुणचार होऊ नये. सुपारी शास्त्रापुरती देवापुढे ठेवावी, कारण नुसती सुपारीही कर्करोगास कारण होते, असे आता सिद्ध झाले आहे. दुसरे, विद्यार्थी-साहाय्य निधीप्रमाणे गरजू घरांतील स्त्रीपुरुषांच्या तपासणीसाठी व मुलींच्या लसीसाठी संघाने निधी उभारावा. तिसरे, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे, वधूवर-सूचक मंडळाच्या कार्यकर्त्यांनी ‘घरात कोणास कर्करोग होता काय?’ या प्रश्नावरून स्थळ मोडू देऊ नये. एखाद्या घराण्यात लहान वयातच अनेकांना तो झाला असेल, तर डॉक्टरांचा सल्ला जरूर घ्यावा. परंतु आजोबांच्या विडीचा दंड नातीच्या लग्नाने भरावा, हा कोठला न्याय?

आपले पूर्वज महारोगाच्या रोग्यांना गावाबाहेर ठेवीत. ती चाल आपण टाकली. आता या रोगाभोवतीचे मौनही टाकावे. कोणा घरी आजार निघाल्यास ज्ञातिबांधवांनी आधी दाराशी जावे, रुग्णालयात सोबत बसावे, डबा पोहोचवावा. ज्ञाति म्हणून एकत्र येण्याचे याहून मोठे प्रयोजन आम्हांस तरी दिसत नाही.